वरून दिसणारा रस्ता

गोरखची सायकल तातेरावांच्या गोदामात उभी होती. जुन्या जालन्यात तातेरावांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि गोरखची खोली तिथून दोन गल्ल्या पलीकडे, वरच्या मजल्यावर होती. जिना इतका अरुंद की सायकल खांद्यावर घेऊनही वर जात नसे. म्हणून रविवारी फिरून आलं की तो ती फडक्यानं पुसायचा, मक्याच्या बियाण्याच्या थप्पीला टेकवायचा आणि पायी खोलीवर जायचा.

ऑगस्टात त्याला डेंग्यू झाला. ताप अंगावर काढत तो लोखंडाच्या मिलमध्ये कामाला जात राहिला, आणि दवाखान्यात नेलं तोवर वेळ गेली होती. त्याच्याबरोबर सायकल चालवणारी शीतल त्याला दवाखान्यात एकदाच भेटली. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, त्यामुळे त्याचा चेहरा बघूनच तिला काय ते कळलं. घरी कळवलं का, असं तिनं विचारलं तर तो म्हणाला, "बरा झालो की मीच जाईन." दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच मिलमध्ये कामाला असलेल्या चुलतभावानं गाडी करून त्याचा देह गावाकडे नेला. सायकलवाल्यांना कळलं तेव्हा माती होऊन गेली होती.

सायकलवाले म्हणजे जालन्यातले सात-आठ जण. एकमेकांच्या घरी फारसं जाणं-येणं नाही, पण रविवारी पहाटे सगळ्यांनी एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून भेटायचं हे ठरलेलं. तातेराव पंचावन्नच्या पुढचे, साखर निघाल्यावर डॉक्टरांच्या धाकानं सायकलवर बसलेले. बुद्धभूषण जिल्हा परिषदेत लिपिक. शीतल त्या घोळक्यातली एकटीच बाई. गोरख, म्हणजे गोरक्षनाथ, वयानं सगळ्यांत लहान आणि पायानं सगळ्यांत जोरदार. चढावर तो सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचायचा, मग मागे राहिलेल्यांसाठी खाली उतरून यायचा आणि पुन्हा त्यांच्याबरोबर चढायचा. असं का करतोस म्हटलं, तर नुसता हसायचा.

महिन्यातून एकदा ही मंडळी सायकली पिकअपमध्ये टाकून राजूरपर्यंत जायची. तिथे गणपतीला हात जोडायचे आणि भोकरदनमार्गे उत्तरेच्या डोंगराकडे निघायचे. तिकडे डोंगराच्या कुशीत उंबरदरीचा तलाव आहे. त्याच्या कडेकडेनं रस्ता वळत जातो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उभा हिरवा डोंगर. लोखंडाच्या धुरात आठवडा काढलेल्या माणसाला तिथे पोचलं की आपण जालना जिल्ह्यातच आहोत यावर विश्वास बसत नसे.

गोरख जाऊन महिना उलटला आणि एका दुपारी तातेरावांनी शीतलला फोन केला.

"शटर वर केलं की पहिल्यांदा तीच दिसती," ते म्हणाले. "गिऱ्हाईक इचारतंय, इकायची का म्हणून. मला न्हाई पाहवत बेटा. त्याच्या घरी नेऊन देऊ."

बुद्धभूषणनं मिलच्या गेटवर चुलतभावाला गाठलं आणि गावाचं नाव विचारलं.

"उंबरदरी," तो म्हणाला. "तलावाच्या वर धनगराची वस्ती हाय, तिथं."

बुद्धभूषणला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आम्ही दर महिन्याला जातो तो तलाव?"

"तोच असंल. दुसरा कोणता हाय तिकडं?"

तीन वर्षं गोरख त्यांच्याबरोबर त्या रस्त्यानं गेला होता. इथे वर माझं घर आहे, असं तो एकदाही बोलला नव्हता.

*

सप्टेंबर संपत आला होता. राजूरला पिकअपमधून सायकली उतरवल्या तेव्हा आभाळ इतकं खाली आलं होतं की मंदिराचा कळसही मळकट दिसत होता. बाकीच्यांनी काही ना काही कारण सांगितलं होतं, त्यामुळे तिघंच होते. गोरखची सायकल गाडीतून थेट वस्तीच्या पायथ्यापर्यंत नेता आली असती, ड्रायव्हर तसं म्हणालाही. पण तातेरावांना ते पटलं नाही.

"माल पोचता केल्यासारखं होईल ते," ते म्हणाले. "चालत जाऊ दे तिला."

बुद्धभूषणची उंची साधारण गोरखएवढीच, म्हणून सायकल त्यानं चालवायची ठरली. येताना तो काळीपिवळी जीपनं भोकरदनला येणार होता आणि पिकअप तिथे थांबणार होती. सीटची उंची बदलावी लागेल का, म्हणून शीतल पाना घेऊन पुढे झाली. तो बसून बघून म्हणाला, "राहू द्या ताई. बराबर हाय." आणि मग बराच वेळ कुणाकडे न बघता पुढे पुढे चालवत राहिला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत होतं. मका डोक्याच्या वर गेला होता. भोकरदन मागे पडलं तसे मिरचीचे फड लागले, आणि मग हळूहळू जमीन वर उचलू लागली. एरवी या टप्प्यावर गप्पा सुरू व्हायच्या. कुणाच्या तरी सायकलची चेन कुरकुरायची, मग तातेराव तेलाच्या बाटलीवरून कुणाला तरी बोलायचे. आज फक्त टायरांचा ओल्या डांबरावरचा आवाज होता. शीतल मधेमधे पुढे बघायची. पाठीवर तोच पिवळाजर्द टी-शर्ट, खाली तीच सायकल. क्षणभर तिला तो गोरखच वाटायचा.

घाटवळणाच्या रस्त्यानं वर आल्यावर तलाव दिसला. काठोकाठ भरला होता आणि सांडव्यावरून पाण्याची पातळ चादर पडत होती. आभाळाच्या रंगानं पाणी शिशासारखं झालं होतं. डोंगराच्या माथ्यावर ढग अडकून बसला होता आणि उतारावर कुठेकुठे पांढरे ठिपके हलत होते. ती मेंढरं होती. इतके दिवस शीतलनं त्यांचे फोटो काढले होते.

ते नेहमी थांबायचे त्या वळणावर थांबले. कुणी फोन बाहेर काढला नाही.

"इथं तो कधी थांबला न्हाई," बुद्धभूषण म्हणाला. "आठवतंय का काका? आपण फोटो काढत बसायचो अन् हा पुढं निघून जायचा."

"आठवतंय," तातेराव म्हणाले. "मी म्हणायचो, पोराला दम निघत न्हाई."

वळणाच्या पुढे डोंगरात शिरणारी पायवाट होती. तीवर सायकल चालवणं शक्य नव्हतं. दगडांतून सायकली ढकलत, मधे मधे उचलत ते चढले. तातेरावांना दोनदा बसावं लागलं. वरून एक बाई उतरत आली. पंचविशीच्या आतली असेल, डोक्यावर पदर, कडेवर लहान मूल. तिनं तिघांचे पिवळे कपडे पाहिले, मग बुद्धभूषणच्या हातातली सायकल पाहिली आणि ती तिथेच थांबली.

"दादाची हाय का ही?" तिनं विचारलं.

"हो," शीतल म्हणाली. "आम्ही त्याच्यासोबत सायकली चालवायचो. जालन्याहून आलोत."

"मी रेणू. त्याची बहीण." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "चला. आई हाय घरी. बाप मेंढरांकडं गेलाय, येईल आता."

*

वस्ती म्हणजे पाच-सहा घरं. गोरखचं घर पत्र्याचं, पुढे छप्पर, बाजूला काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. गोरखची आई आसराबाई छपरात बसून लसूण सोलत होत्या. रेणूनं सांगितल्यावर त्या उठल्या, हात लुगड्याला पुसले, पाहुण्यांना घोंगडी अंथरली, तांब्या भरून पाणी आणलं. सगळं झाल्यावर मग सायकलीपाशी गेल्या. त्यांनी हॅन्डलला हात लावला नाही, सीटला लावला.

"कामावर जायचा का यावर?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मावशी," बुद्धभूषण म्हणाला. "कामाला पायीच जायचा. मिल जवळ होती."

"मंग ही कामून होती?"

बुद्धभूषणनं शीतलकडे पाहिलं.

"फिरायला," शीतल म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी आम्ही लांब लांब जायचो."

"कुणाकडं?"

"कुणाकडं न्हाई. नुसतं हिंडायला."

आसराबाईंना ते समजायला वेळ लागला. त्या खाली बसल्या. "नुसतं हिंडायला," त्या म्हणाल्या. "लहान होता तवा मेंढरांमागं हिंडायचं म्हटलं की रडायचा. मला न्हाई हिंडायचं, मला एका जागी ऱ्हायचं, म्हणायचा. इतकं सगळं हिंडायचा का तो?"

"सगळ्यांच्या पुढं असायचा," तातेराव म्हणाले.

आसराबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे कोरडे होते. रडून झालेल्या माणसाचे असतात तसे. चहा ठेवायला त्या आत गेल्या आणि चुलीपाशीच थांबून राहिल्या. आतून भांड्याचा आवाज आला नाही.

रेणू पाणी आणायला निघाली तेव्हा शीतल तिच्याबरोबर गेली. वस्तीच्या मागे डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याला पाइप लावला होता. घागर भरेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

"त्यानं आम्हाला कधी सांगितलं न्हाई, इथं घर हाय म्हणून," शीतल म्हणाली.

"कसा सांगेल?" रेणू म्हणाली. "घरी येतच नव्हता. चार साल झाले." घागरीखालचा दगड तिनं पायानं सारखा केला. "माझ्यापायी भांडण झाल्तं. मी बारावीला होते भोकरदनला, मामाकडं राहून. मामी वारली अन् मंग मला ठेवायचं कुठं? आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात ते पार जेठापर्यंत बाहेर. बापानं लग्न लावून दिलं. दादा म्हणत होता मी तिला जालन्याला नेतो, माझ्या खोलीवर ठेवतो. बाप म्हणला, तू दिवसरात मिलमधी, पोरीला शहरात एकटी ठेवू का? दोघंबी ऐकंनात. हळदीच्या दिवशी दादा गेला तो गेलाच."

"तुला भेटायचा का?"

"जाफराबादला दिलंय मला. तिथं यायचा मधून. कधी एसटीनं, एकदा सायकलीवर आल्ता. सासू म्हणली, भाऊ गरीब दिसतो तुझा, गाडी न्हाई." ती थोडी हसली आणि ते हसू तिथेच संपलं. "घरी चल म्हटलं की म्हणायचा, जाईन. पुढच्या टायमाला जाईन."

घागर भरली होती आणि पाणी वाहून जात होतं. दोघींच्या ते बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

*

त्या परतल्या तेव्हा गोरखचा बाप, इंद्रभान, आला होता. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला लाल पटका, खांद्यावर आडवी काठी. तातेरावांनी नाव-गाव सांगितलं होतं. म्हातारा घोंगडीवर न बसता दारातल्या दगडावर बसला होता आणि सायकल त्याच्या समोर भिंतीला टेकलेली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"वळखतो मी तुम्हाला," तो तातेरावांना म्हणाला. "तुम्ही सगळ्यांच्या मागं असता."

म्हाताऱ्यानं काठीनं शीतलकडे खूण केली.

"ही बाई मधी असती. अन् हे पाव्हणं कधी पुढं, कधी मागं." त्यानं काठी भिंतीला लावून ठेवली. "वरून सगळं दिसतं. मी त्या उतारावर मेंढरं चारतो. पिवळे कपडे लांबून कळतात."

आसराबाई चहाच्या कपांचं ताट घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"तुम्हाला ठाऊक व्हतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "तो इथून जायचा ते?"

"आपण वस्तीवर असलो की दर महिन्याला दिसायचा."

"अन् मला न्हाई सांगितलं."

इंद्रभान जमिनीकडे बघत सांगू लागला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, भास झाला. पण चढावर उभं राहून पाय मारायची ती पद्धत, डावा खांदा जरा खाली, ती पोराची लहानपणापासूनची चाल होती. मग तो महिन्याच्या त्या रविवारची वाट बघायला लागला. कोणता रविवार ते ठरलेलं नसायचं, म्हणून वस्तीवर असेपर्यंत प्रत्येक रविवारी तो मेंढरं त्याच उतारावर घालायचा. गवत संपलं तरी घालायचा. हे सगळं तो तुकड्या-तुकड्यानं बोलला, बायकोकडे न बघता.

"हाळी द्यायची होती मामा," बुद्धभूषण हळूच म्हणाला. "आवाज गेला असता खाली."

"गेला असता. एकदा तोंड उघडलं व्हतं." म्हाताऱ्यानं उताराकडे हात केला. "पण मला वाटलं, पोरगा वर बघंल. बाप कुठं मेंढरं चारतो हे त्याला ठाऊक हाय. एकदा नुसता वर बघंल, मंग मी हाळी देईन." त्यानं मान वळवून तातेरावांकडे पाहिलं. "बघायचा का वो तो वर? तुम्ही खाली असायचे. तुम्हाला ठाऊक असंल."

रेणूनं मुलाच्या तोंडावर हात ठेवला.

"बघायचा की," तातेराव म्हणाले. "दर खेपेला बघायचा. आम्हाला वाटायचं डोंगर बघतोय."

इंद्रभान त्यांच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता.

"न्हाई बघायचा," तो म्हणाला. "मी बघत व्हतो ना."

तातेरावांनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते. शीतलला वाटलं, आता खरं तेवढंच बोलावं, दुसरं काही उरलेलं नाही.

"मामा, तो त्या वळणावर थांबायचाच न्हाई," ती म्हणाली. "आम्ही थांबायचो. तो जोरात पुढं जायचा अन् सांडव्याच्या पलीकडं पुलावर बसायचा, आमची वाट बघत."

"पुलावर."

"हो."

"तिथून काहीच दिसत न्हाई," म्हातारा म्हणाला. "मधी टेकाड हाय."

"पण एकदा..." शीतलला आत्ता आठवत होतं. आठवत होतं तसं ती सांगत गेली. "एकदा एक काळं कुत्रं डोंगरावरून पळत खाली आलं. आम्ही घाबरलो. ते आमच्याकडं आलंच न्हाई, त्याच्या सायकलीच्या बाजूनं पळायला लागलं. भुंकत नव्हतं. त्यानं सायकल हळू केली. त्याला म्हणाला, जाय घरी काळ्या, जाय. दोन-तीनदा म्हणाला. मी विचारलं, तुला नाव कसं ठाऊक? तर म्हणाला, काळ्या कुत्र्याचं नाव काळ्याच असतं ताई."

आसराबाईंनी ताट जमिनीवर ठेवलं. आत जाऊन त्या रडल्या. तो आवाज पत्र्याच्या भिंतीतून बाहेर येत राहिला आणि कुणी कपाला हात लावला नाही.

"त्या दिशी काळ्या संध्याकाळपतोर रस्त्यावर बसून व्हता," इंद्रभान म्हणाला. "मी गेलो आणायला. मागच्या उन्हाळ्यात मेला तो."

मग त्यानं विचारलं, "दवाखान्यात कोण व्हतं जवळ?"

"चुलतभाऊ होता," शीतल म्हणाली. "मी एकदा गेल्ते."

"काही बोलला का?"

"म्हणाला, बरा झालो की मीच घरी जाईन."

म्हाताऱ्यानं ते ऐकलं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते तसेच राहिले. त्याला यातून काही मिळालं की होतं तेही गेलं, हे शीतलला कळलं नाही. तिला पुढेही कधी कळलं नाही.

*

निघायची वेळ झाली तेव्हा पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. सायकल ठेवायची कुठे यावर रेणू आणि तिची आई हलक्या आवाजात बोलत होत्या. वाड्यात ठेवली तर बकऱ्या सीट खातील म्हणून ती आत, धान्याच्या कणगीपाशी नेली. आसराबाईंनी शीतलला कुंकू लावलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"येत जा माय," त्या म्हणाल्या. "या रस्त्यानं आलात की वर येत जा. तुम्ही त्याच्यासंगं व्हता."

"येऊ मावशी," शीतल म्हणाली.

इंद्रभान त्यांना पायवाटेच्या तोंडापर्यंत सोडायला आला. इथून खाली सगळं दिसत होतं. तलाव, सांडवा, आणि पाण्याच्या कडेनं काळ्या दोरीसारखा पडलेला रस्ता. एक मोटारसायकल तीवरून जात होती. तिचा आवाज वरपर्यंत येत नव्हता.

"एक मागू का?" तो तातेरावांना म्हणाला.

"मागा की पाव्हणं."

"या रस्त्यानं आता येऊ नका."

तातेरावांनी खाली रस्त्याकडे पाहिलं.

"तुमच्यावर राग न्हाई. तुम्ही चांगली माणसं, इतक्या लांबून आलात. पण तुम्ही खालून गेलात की मी मोजीन. मागचे मोजीन, पुढचे मोजीन." त्यानं घराकडे मान केली. "ती म्हणती येत जा. ती वर नसती. मी असतो."

"न्हाई येणार," तातेराव म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "शब्द देतो."

"अन् खोटं बोललात ते मनाला लावून घेऊ नका," म्हातारा म्हणाला. "मीबी बोललो असतो."

उतरताना दगड निसरडे झाले होते. तातेरावांची सायकल बुद्धभूषणनं धरली. खाली रस्त्यावर आल्यावर बुद्धभूषण फाट्याकडे पायी निघाला. त्याला जीप मिळायला वेळ लागणार होता, पण थांबा, सोबत चालू, असं म्हटल्यावर तो नको म्हणाला. त्याला एकट्यानं चालायचं होतं. तातेराव आणि शीतल भोकरदनपर्यंत एकामागे एक गेले. पिकअपमध्ये बसल्यावर तातेराव म्हणाले, "मला वाटलं बापाला बरं वाटंल." शीतल म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं, तुम्ही बोललात तेव्हा." एवढंच.

*

ऑक्टोबरात बाकीचे लोक तलावाकडे जायचं म्हणाले. तातेरावांनी सांगितलं, आता तिकडे जायचं नाही. का, ते सांगितलं नाही. दोघा-तिघांना राग आला, जिल्ह्यात तेवढा एक रस्ता बघण्यासारखा आहे म्हणाले, आणि त्यांनी येणं सोडलं. बुद्धभूषणनं कचेरीत काम वाढल्याचं सांगितलं. त्याची सायकल बाल्कनीत उभी असते, असं त्याच्या बायकोकडून शीतलला कळलं.

दिवाळीच्या आधी रेणूचा फोन आला. ती जाफराबादला सासरी परतली होती. मुलाच्या खोकल्याबद्दल तिनं विचारलं, कोणती तपासणी करावी लागेल ते विचारलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही त्या रस्त्यानं जात न्हाई ना आता?"

"न्हाई. तुझ्या वडलांना शब्द दिलाय."

"हां. बाप म्हणला मला." पलीकडे मूल रडत होतं. "बापानं तो उतार सोडला. डोंगराच्या पल्याड चारतो आता, तिकडून तलाव दिसत न्हाई. पण आई जायला लागली."

"कुठं?"

"तिथंच. ऐतवारी चार मेंढरं घेऊन वर जाती अन् बसती. बापाला म्हणती, इकडं चारा चांगला हाय. तुम्ही येताल म्हणून बसती ती. मी सांगितलं, ते न्हाई येणार. तर म्हणली, त्या बाईनं येऊ म्हटलंय." रेणूचा आवाज खाली गेला. "दिवाळी झाली की निघतील दोघं मेंढरं घेऊन. तवर जाईल. तुम्हाला या म्हणून न्हाई सांगत ताई. नुसतं सांगितलं."

शीतलनं ते तातेरावांना दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी गिऱ्हाईकाला थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग तिला घेऊन ते गोदामाच्या दारात आले.

"गेलो तर बापाला कळंल," ते म्हणाले. "तिच्या तोंडावरूनच कळंल. न्हाई गेलो तर ती बसून ऱ्हाईल. काय करावं म्हणतेस?"

शीतलनं सायकलीच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

त्या रविवारी दोघंच निघाले, अंबडच्या रस्त्यानं. ऊन लवकर चढलं. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, समोरून वारा. अर्ध्या वाटेत शीतलनं सायकल बाजूला घेतली आणि पाय टेकवून नुसती उभी राहिली. तातेराव मागून आले आणि थांबले.

"आत्ता गेली असंल ती वर," शीतल म्हणाली.

तातेरावांनी बाटलीतलं पाणी तिच्यापुढे धरलं. तिनं घोटभर पिऊन ती परत दिली. एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत ते थांबले.

"चल बेटा," तातेराव म्हणाले. "ऊन होतंय."